बिनचित्राचं इंटरनेट

“अरे, चित्रंच नाहीत तर त्याला इंटरनेट म्हणायचं कशाला?” बाबुराव दारातूनच ओरडले.

“मावशीला दिसत नाही, बाबुराव! ती चित्रांचं काय करणार? लोणचं घालणार?” जगन आतून ओरडला.

“म्हणून तिने बिनचित्राचं वापरायचं? आपल्या सोसायटीत? लोक म्हणतील, बिचारीला दिसत नाही म्हणून गंडवली!”

“कोण लोक?”

“लोक!”

बाबुराव सोसायटीचे सेक्रेटरी, आणि त्यांच्या डोक्यात ‘लोक’ नावाची एक कमिटी कायम मीटिंगला बसलेली असायची. त्या लोकांना घाबरून त्यांनी गच्चीवरच्या टाकीला गुलाबी रंग लावलेला, आणि त्याच लोकांना घाबरून परत पांढरा. जगनला असल्या माणसांची चीड यायची. तसं बघायला गेलं तर जगनला चीड न येणारी माणसंच कमी. सतरा वर्षांचा, शाळा सोडलेला, डोकं कायम गॅसवर. ठाण्याच्या कोळीवाड्यातून आईने त्याला डोंबिवलीला बहिणीकडे धाडलेला, सांगताना ‘मावशीला मदत कर’ म्हणून. मावशीला मात्र गुपचूप सांगितलेलं, ह्याच्यावर लक्ष ठेव. दिसत नसलेल्या बाईला लक्ष ठेवायला सांगणारी आई जगात एकच असेल, आणि तिचं बरोबर होतं.

“कनाला वरडतंस रं?” मावशी जगनला म्हणाली. जगनला झापायचं असलं की तिच्या तोंडात कोळीवाडा यायचा. बाबुरावांसाठी तिची भाषा लगेच टेलिफोन ऑपरेटरची झाली. “बाबुराव, माझं आहे ते छान चाललंय हो. काही करू नका.”

‘काही करू नका’ हे वाक्य बाबुरावांसारख्या माणसाला कधी बोलू नये. त्यांना ते आमंत्रणासारखं ऐकू येतं.

उत्तरामावशी कल्याणला एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होती. आणि हे बिनचित्राचं प्रकरण असं, की तेव्हा, अठ्ठ्याण्णव साली, सरकारी इंटरनेट दोन जातींचं मिळायचं. एक चित्रांचं, महाग. दुसरं नुसत्या अक्षरांचं, स्वस्त. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, बस. हे दुसरं कॉलेजच्या पोरांसाठी आणि चिकट माणसांसाठी, असं सगळ्यांचं मत. पण मावशीला तेच हवं होतं. तिच्या कॉम्प्युटरला एका ट्रस्टने दिलेला एक डबा जोडलेला. पडद्यावर अक्षरं आली की डबा ती इंग्लिशमध्ये मोठ्याने वाचायचा. चित्र आलं तर त्याची बोबडी वळायची.

डब्याचा आवाज नाकातून यायचा, अगदी कोळीवाड्यातल्या गोमाजीआजोबांसारखा. आजोबांना जन्मभर सर्दी होती. ते गेले त्याच वर्षी हा डबा घरात आला, त्यामुळे आत कोण आहे याबद्दल कोणालाच शंका उरली नाही. मावशी सकाळी म्हणायची, “जगन, गोमाजीला चालू कर.”

मग फोन लागायचा. मोडेम मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा किंचाळायचा, दमायचा, गप्प व्हायचा. आणि गोमाजी बोलायला लागायचा.

कुठे उत्तरेकडच्या थंड समुद्रात एक बेट होतं. बेटावर दिव्याचा मनोरा, मनोऱ्यात एक माणूस, आणि तो रोज इंटरनेटवर चार ओळी लिहायचा. मावशी त्याला दिवेवाला म्हणायची. गोमाजी एक ओळ वाचायचा, मावशी ती जगनला मराठीत सांगायची.

“‘आज एवढं धुकं आहे, की माझा हात संपतो कुठे तेच कळत नाही.’”

“‘चहा खारट लागला. मी झोपलेलो तेव्हा समुद्र खिडकीतून येऊन गेला असणार.’”

जगनचं डोकं अशा वेळी थंड पडायचं. का ते त्यालाही कळायचं नाही. खोलीत हळूहळू धुकं भरायचं. दोरीवरचे टॉवेल पंख मिटून बसलेल्या पक्ष्यांसारखे दिसायला लागायचे. सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला की लांब कुठे बोटीचा भोंगा वाजतोय असं वाटायचं, आणि अख्खी बिल्डिंग दोर सोडून हळूहळू शहाडच्या दिशेने निघालीय, गच्चीवर बाबुराव उभे राहून ‘अरे लोक काय म्हणतील’ म्हणून ओरडतायत, पण बिल्डिंग काही ऐकत नाही. मावशीचे डोळे लहानपणी तापात गेले, पण खाडीचा रंग तिला आठवायचा. त्या खाडीला ती रोज दिवेवाल्याच्या समुद्रातलं थोडं थोडं पाणी घालायची.

आणि एका सकाळी गोमाजीने वाचलं, की महिन्याच्या शेवटच्या रविवारपासून दिवा आपोआप लागणार. माणूस लागणार नाही. दुपारी न्यायला बोट येईल. ती येईपर्यंत मी शेवटचं लिहीन. संध्याकाळी हे पान बंद होईल.

मावशीने बोटांवर तास मोजले. मग म्हणाली, “तिकडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ. त्या रविवारी मला कुठे नेऊ नकोस हां.”

त्या रविवारी सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती. पण मावशीला नेण्याचा प्रश्नच आला नाही. काही दिवस आधीच पूजा तिच्या घरात घुसली.

डोंबिवलीत घराची किल्ली शेजारी ठेवायची पद्धत आहे. गॅसवाला येतो, पाणी उशिरा येतं, म्हणून. मावशीची किल्ली मालनकाकूंकडे असायची. एका दुपारी मावशी ड्यूटीला गेलेली. मालनकाकूंनी जगनच्या हातात दळणाचा डबा दिला आणि त्याला गिरणीत पिटाळला. दळण घेऊन जगन आला तर दार उघडं, आत पंधरा चपला, आणि कॉम्प्युटरला झेंडूचा हार. पडद्याच्या काचेवर कुंकवाचं स्वस्तिक.

“सरप्राइज!” बाबुराव म्हणाले. “सोसायटीने वर्गणी काढली. आता चित्रांचं इंटरनेट! रविवारी पूजेच्या वेळी रीतसर हस्तांतरण.”

खुर्चीत प्रभाकर बसलेला. दुसऱ्या मजल्यावरचा, कॉम्प्युटर क्लासवाला. तो हात पुसत उठला. “नवीन विंडोज टाकलंय. नवीन ब्राउझर टाकलाय. जुना सगळा कचरा होता, तो पुसून एकदम साफ केलं.”

“कचरा म्हणजे काय पुसलंत?”

“ते काळं काळं होतं ते सगळं.”

जगनने दळणाचा डबा जमिनीवर आपटला. पीठ उडालं. खोलीत पहिल्यांदाच खरं धुकं झालं, आणि ते त्याच्याच नाकात गेलं. चिडलेल्या माणसाने शिंकू नये. त्याच्या रागाला काही वजन राहत नाही.

मावशी आली. सगळे तिच्याभोवती उभे. तिने खुर्चीवर बसून एक बटण दाबलं. दुसरं दाबलं. डबा गप्प. तिने डब्यावर हात ठेवला, ताप बघतात तसा.

“कसं वाटतंय, उत्तराताई?” बाबुरावांनी विचारलं.

“छान आहे,” मावशी म्हणाली.

आपल्या माणसांचं हेच आहे. वर्गणी काढून दिलेली वस्तू कशी आहे म्हणून विचारलं की तोंडातून ‘छान’च येतं. पेटीत साप दिला तरी आधी छान म्हणतात, मग डॉक्टरकडे जातात.

सगळे गेल्यावर जगन म्हणाला, “मावशी, टेन्शन नको. मी वाचून दाखवीन. स्पेलिंग स्पेलिंग करून का होईना.”

“नको.”

“का? मला येत नाही म्हणून?”

“तसं नाही रे.” मावशी हार काढत होती, एकेक फूल चाचपत. “आमचे वडील, आबा, समुद्रात गेले ना, ती तार मला तीन जणांनी वाचून दाखवली. तीन वेळा तीन वेगळ्या गोष्टी. कोणी म्हणालं आजारी, कोणी म्हणालं हरवले. सगळ्यांनी प्रेमाने गाळलं. गोमाजी तेवढा एकटा गाळत नाही. स्वल्पविराम पण गाळत नाही मेला. दिवेवाल्याचं शेवटचं मी वाचीन, नाहीतर राहू दे.”

झालं. जगनच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी तो ठाण्याला, टेंभी नाक्याच्या पुढे, इंटरनेटच्या ऑफिसात. खिडकीतला साहेब डबा उघडून पोळी-भाजी खात होता.

“चित्रांचं काढा, आणि अक्षरांचं परत द्या,” जगन म्हणाला.

“वर जायचा अर्ज आहे,” साहेब म्हणाला. “खाली यायचा नाही.”

“म्हणजे?”

“अक्षरांवरून चित्रांवर जाता येतं. चित्रांवरून अक्षरांवर कोणी येत नाही.”

“आम्ही येतोय ना!”

“कोणी येत नाही म्हणून अर्ज छापलेला नाही. अर्ज नाही म्हणून तुम्हाला येता येत नाही. भेंडी खाणार?”

त्या भेंडीनेच घात केला. जगनला अपमान सहन व्हायचा, पण अपमानात कोणी प्रेमाने जेवायला विचारलं की त्याचं डोकं फिरायचं. तो काय बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. शिपायाने त्याला जिन्यापर्यंत सोबत केली, आणि ही सोबत कॉलरला धरून होती.

इकडे सोसायटीत सल्ले चालू झालेले. डबा बोलत नाही एवढंच फुटलेलं. मालनकाकू मीठ-मोहरी घेऊन आल्या आणि डब्याची दृष्ट काढून गेल्या. “एवढे लोक बघून गेले, लागणारच,” म्हणाल्या. बाबुरावांनी डबा खिडकीत ठेवून बघा म्हणून सांगितलं, त्यांचा रेडिओ तसा लागायचा. प्रभाकर म्हणाला, “जुना प्रोग्राम डब्याला बोलायला लावायचा. तो विंडोजवर चालत नाही. विंडोजचा वेगळा मिळतो, पण महाग आहे,” आणि आकडा त्याने इतक्या हळू सांगितला, की आपणच पुसलेल्या कचऱ्याची किंमत त्याला तेव्हा कळली असावी.

जगन विठ्ठलवाडीला गेला. तिथे एक दुकानदार होता, सुटे पार्ट जोडून कॉम्प्युटर बनवायचा. त्याने कुठूनतरी एक सीडी काढली.

“बोलनेवाला प्रोग्राम है. ट्रायल. पौना घंटा बोलेगा, फिर चुप. मशीन बंद करके चालू कर, फिर पौना घंटा.”

“इंटरनेट पढेगा क्या?”

“तेरा ब्राउझर नया, ये पुराना. दोनों की पटती नहीं. सास-बहू समझ ले.”

जगनने तरी घेतली. घरी येऊन टाकली, आणि डबा खाकरल्यासारखा करून नाकातून बोलला. मावशी हसली. हसली म्हणजे खूपच हसली, पदराने डोळे पुसत. “आला गं बाई गोमाजी!”

मग त्यांनी इंटरनेट लावलं आणि दिवेवाल्याचं पान उघडलं. मावशी पुढे झुकली.

“ब्लँक,” गोमाजी म्हणाला.

मावशीने वर-खाली केलं.

“ब्लँक. ब्लँक. ग्राफिक. ब्लँक.”

पडदा कोरा नव्हता. दिवेवाल्याच्या ओळी जगनला समोर ढळढळीत दिसत होत्या. आणि गोमाजी शपथेवर सांगत होता की इथे काही नाही. जगनने टेबलाला लाथ घातली. लागलं त्यालाच.

“लिहिलंय ना काहीतरी?” मावशीने विचारलं.

“हो.”

“सांगू नकोस.”

जगनने डोळे मिटून घेतले, चुकून एखादा शब्द मावशीच्या आधी आपल्याला कळायला नको म्हणून. मग पाऊण तास संपला, आणि गोमाजी पण गेला. दोघं तसेच बसून राहिले, दोघंही काही न बघता. बाहेर पंप चालू होता. बिल्डिंग मात्र कुठे गेली नाही.

रविवार आला. खाली पार्किंगमध्ये चौरंग, केळीचे खांब, प्रसादाच्या शिऱ्याचा वास. बाबुरावांनी कॉम्प्युटर चौरंगाच्या शेजारी टेबलावर मांडला. मावशीचं घर तळमजल्यावर, तिच्या खिडकीतून फोनची वायर खेचून आणलेली. गोमाजीच्या डब्यापुढे माइक.

“बाबुराव, आजच्या दिवस कॉम्प्युटर मला द्या,” मावशी म्हणाली. “संध्याकाळी माझं काम आहे.”

“तुमचाच आहे! हस्तांतरण झालं की तुमचाच!”

आरती झाली. बाबुरावांनी भाषण केलं, ते सोडून देऊ. मावशीला शाल घातली. मग प्रभाकरने इंटरनेट जोडलं. त्याने सोसायटीसाठी एक पान बनवलेलं, सरप्राइजच्या आत आणखी सरप्राइज. वर कमळ, मध्ये ‘सप्रेम भेट’, आणि खाली वर्गणी दिलेल्या सगळ्यांची नावं, सोनेरी, वळणदार, चमचम करणारी. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवर असतात तशी. पान वरून खाली सावकाश उतरत होतं. लोक माना वर करून बघत होते. कमळ आलं. देठ आला. पहिलं नाव आलं तेव्हा टाळ्या पडल्या.

“आता हे मशीन प्रत्येकाचं नाव बोलून दाखवेल!” बाबुराव म्हणाले. “ताई, दाबा!”

मावशीने दाबलं.

“ग्राफिक,” गोमाजी माइकमधून म्हणाला.

मावशीने परत दाबलं.

“ग्राफिक. ग्राफिक. ग्राफिक.”

“हे कोणाचं नाव?” कोणीतरी मागून विचारलं.

“माझं कुठाय?” मालनकाकू उठून उभ्या राहिल्या. “मी तर रोख दिलेले! मी काय ग्राफिक आहे?”

“काकू, नावं चित्रात काढलीत,” प्रभाकर घाईघाईने म्हणाला. “त्याला चित्र वाचता येत नाही.”

“मग चित्र काढलंस कशाला?”

“सुंदर दिसतं म्हणून!”

“सुंदर काय चाटायचंय? त्याला माझं नावच कळत नाही!”

“हेच सांगत होतो!” जगन ओरडला. इतका ओरडला की माइकने शिट्टी मारली. “इतके दिवस हेच सांगत होतो! मावशीला रोज असंच होतं! सगळं समोर असतं आणि हा म्हणतो, काही नाही!”

स्वतःचं नाव ग्राफिक झाल्याशिवाय माणसाला काही गोष्टी कळत नाहीत. बाबुरावांच्या डोक्यातली कमिटी बहुतेक गप्प बसलेली, कारण त्यांचा चेहरा पहिल्यांदाच रिकामा दिसत होता.

प्रभाकरचे कान लाल झालेले. त्याने खटाखट काहीतरी उघडलं. “थांबा. चित्र बनवायच्या आधी मी नावं नोटपॅडमध्ये टाइप केलेली. साधी.” पांढऱ्या पडद्यावर बारीक काळी इंग्लिश अक्षरं आली, ना सोनं ना कमळ.

आणि गोमाजी नाकातून बोलला, “मॅलन.”

“अगं बाई!” मालनकाकू खाली बसल्या.

पुढची नावं आली. प्रत्येक नावाला टाळ्या. गोमाजीने सगळ्यांना परदेशातून आणल्यासारखं केलेलं, पण कोणाची तक्रार नव्हती. संपल्यावर लोक म्हणाले, परत. परत झाल्यावर म्हणाले, माझा मुलगा आत्ता आलाय, अजून एकदा.

“बस झालं!” जगन ओरडला. “पाऊण तासच बोलतो तो! मावशीचं काम आहे!”

“माझं शेवटी आहे, तेवढं होऊ दे,” बाबुराव म्हणाले.

“बाबू—” गोमाजी म्हणाला, आणि पाऊण तास संपला.

बाबुराव हात जोडलेल्या अवस्थेत तसेच राहिले. जगनने धावत जाऊन मशीन बंद करून चालू केलं. मोडेम परत किंचाळायला लागला. आभाळ तांबूस झालेलं. कुठेतरी एका मनोऱ्याखाली दुपार चाललेली.

मावशी शाल सावरून खुर्चीत बसली. “प्रभाकर, ही नावं त्याने कशी वाचली?”

“ती साधी अक्षरं आहेत, ताई. त्या नोटपॅडशी डब्याचं भांडण नाही. भांडण ब्राउझरशी आहे.”

“आणि ब्राउझरमधली अक्षरं उचलून नोटपॅडमध्ये आणली तर?”

प्रभाकरने कपाळाला हात लावला. हा माणूस दिवसातून दहा बॅचना हेच शिकवायचा. “येतात की,” तो म्हणाला.

“मग मला सांग कुठली बटणं. तू दाबू नकोस. जगन, तू पण नाही.”

प्रभाकर सांगत गेला, मावशी दाबत गेली. दिवेवाल्याचं पान उघडलं. जगनने सवयीने डोळे मिटले. सगळं निवडायचं, उचलायचं, तिकडे जायचं, ठेवायचं. पहिल्यांदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदा पण नाही. सत्यनारायणाला बसल्यासारखे लोक बसलेले, कोणाची चप्पल वाजत नव्हती. बाबुराव पुढे आले, आता हे बोलणार म्हणून जगनच्या मुठी वळल्या, पण त्यांनी फक्त माइक उचलून डब्याच्या जरा जवळ ठेवला.

मावशीने तिसऱ्यांदा दाबलं.

गोमाजी खाकरला आणि वाचायला लागला. जगन वाट बघत राहिला, मावशी मराठीत सांगेल म्हणून. ती सांगत नव्हती. ती ऐकत होती, बोट बटणावर, ओळ संपली की आपल्या हाताने पुढची आणत. मग जगनला कळलं, की त्याला कळतंय. सगळं नाही, पण कळतंय. केळीचे खांब हलत होते. उदबत्तीचा धूर खाली बसून धुक्यासारखा पसरलेला, आणि त्याच्यात खुर्च्या, माणसं, शिऱ्याचं पातेलं, सगळं दोर सोडल्यासारखं हळूहळू डोलत होतं.

“आज धुकं नाही,” दिवेवाल्याने लिहिलेलं. “पहाटे दिव्याची काच पुसली. आता तिची गरज नव्हती, तरी पुसली. चहा अर्धा राहिलाय. हे तिकडे कोणी वाचतं का, मला कधी कळलं नाही. वाचत असाल तर दार लोटून घ्या, इथे वारा फार येतो. खाली बोट लागली आहे, हाका मारतायत. मला आता निघायला हवं.”